अभिमान कशाचा? पाळक आणि वडीलजनांना खुले पत्र

आदरणीय पाळकगण, वडीलजन आणि मंडळ्यांच्या कार्यकारिणीतील बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात आपणां सर्वांना सलाम.

"आम्हाला आमच्या विश्वासाचा अभिमान आहे" हे वाक्य अलीकडे व्यासपीठांवरून, वार्षिक अहवालांतून, वर्धापनदिनाच्या भाषणांतून फार ऐकू येते. वाक्य चांगले आहे, माझेही मन त्याला होकार देते. पण पुढच्याच वाक्यात अभिमानाची जागा बदललेली असते. मंडळी किती जुनी, इमारत किती मोठी, सभासद किती वाढले, आमच्यातून किती डॉक्टर आणि प्राध्यापक झाले, आमच्या पाळकांना कुठून कुठून बोलावणी येतात! विश्वास मथळ्यापुरता उरतो आणि खालचा सगळा मजकूर आपल्या कर्तबगारीचा असतो. त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. मी कोणत्याही पदावर नाही. उपासनेला येणारा, तुमचे संदेश लक्ष देऊन ऐकणारा साधा सभासद आहे, आणि मंडळी मला माझ्या घराइतकीच जवळची आहे.

पवित्र शास्त्र अभिमानाला सरसकट बंदी घालत नाही, हे आधी मान्य करायला हवे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात देव म्हणतो की ज्ञान्याने ज्ञानाचा, बलवानाने बळाचा आणि श्रीमंताने श्रीमंतीचा अभिमान बाळगू नये. अभिमान बाळगायचाच तर तो देवाला ओळखल्याचा बाळगावा. हा देव पृथ्वीवर दया, न्याय आणि नीतिमत्ता चालवतो, आणि त्यातच त्याला संतोष आहे. हे ज्या लोकांना सांगितले ते आपण देवाला सोडून गेलो असे समजत नव्हते. दोनच अध्याय मागे जाऊन पाहा. यरुशलेमेतले लोक "परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर" असा घोष करत आहेत, आणि त्याच वेळी परका, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम चालू आहे. मंदिर आपल्याकडे आहे, म्हणजे आपले सगळे ठीक आहे, असे त्यांना वाटत होते. इसवी सनापूर्वी 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते मंदिर जाळले.

येशूची सुवार्ता पसरवणाऱ्या प्रेषित पौलाने यिर्मयाची हीच ओळ ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना घेतली, आणि ती तिथे घ्यायला कारण होते. जुने करिंथ रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केले होते. जवळजवळ 100 वर्षांनी, इ.स.पू. 44 मध्ये, ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत वसवली. वस्तीला आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ जण होते. शहर व्यापारावर झपाट्याने वर आले. अशा नव्या शहरात जुनी घराणी नसतात, म्हणून प्रत्येकाला आपले नाव कुठेतरी कोरून घ्यायची घाई असते. तिथल्या नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत 1929 मध्ये एक लेख सापडला. एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने आपल्याला मिळालेल्या पदाच्या बदल्यात ही फरसबंदी स्वखर्चाने केली, एवढाच त्याचा मजकूर. मोठमोठी अक्षरे दगडात कोरून त्यांत कांस्य भरले होते. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ज्या एरास्ताचा, नगराच्या खजिनदाराचा, सलाम कळवतो तो हाच की दुसरा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्या वादात शिरायचे नाही. पण पद मिळाले की फरशी घालायची आणि फरशी घातली की नाव कोरायचे, ही त्या गावची रीत होती, आणि मंडळीतली माणसे तीच रीत अंगावर घेऊन आत आली होती. "मी पौलाचा", "मी अपुल्लोसाचा", "मी केफाचा" अशी आपापल्या आवडत्या शिक्षकाच्या नावाने होणारी भांडणे त्यातूनच निघाली. प्रभुभोजनाच्या वेळी एक जण भुकेला राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा, तेही त्यातूनच.

पौल त्यांना सांगतो की तुम्हाला पाचारण झाले तेव्हाची आठवण करा. तुमच्यात ज्ञानी फारसे नव्हते, सत्ताधारी फारसे नव्हते, कुलीन फारसे नव्हते. पुढे तो आणखी टोकाचा प्रश्न विचारतो. तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय? आणि मिळालेलेच असेल, तर स्वतः कमावल्यासारखा अभिमान का मिरवतोस? माझ्या मते हा प्रश्न मंडळीच्या प्रत्येक वार्षिक सभेच्या आधी मोठ्याने वाचला पाहिजे.

एका उपासनामंदिराच्या दाराशी लावलेली पाटी मी मध्यंतरी वाचली. वर स्तोत्र 127 मधले वचन होते: परमेश्वर जर घर बांधत नाही, तर ते बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत. त्याखाली बांधणाऱ्यांची नावे. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मग देणगीदार, तेही रकमेच्या उतरत्या क्रमाने. अगदी तळाला "व इतर अनेक". ही पाटी ज्यांनी लावली त्यांचा हेतू वाईट नव्हता. देणाऱ्याचे आभार मानले पाहिजेत, हे मलाही पटते. पण येशू दानपेटीसमोर बसला होता तेव्हा त्याने शिष्यांना जवळ बोलावून दाखवली ती दोन टोल्या टाकणारी विधवा. आपल्या पाटीवर ती "इतर अनेक" मध्ये गेली असती. मार्काने तिचे नावसुद्धा लिहिलेले नाही, आणि तरी जगभर सुवार्तेबरोबर तिची गोष्ट सांगितली जाते.

करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला एक भाग माझ्या फार आवडीचा आहे. काही मोठे प्रेषित म्हणवणारे लोक त्या मंडळीत येऊन आपली पात्रता मिरवत होते, आणि मंडळी त्यांच्यावर भाळली होती. शेवटी पौल म्हणतो, ठीक आहे, मीही मूर्खासारखी प्रौढी मिरवतो. मग यादी सुरू होते. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटले, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात. यादीच्या शेवटी काहीतरी भव्य येईल असे वाटते. पण तिथे येते ती दिमिष्कातली, म्हणजे दमास्कसमधली, आठवण. अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पकडायला पहारा बसवला होता, तेव्हा पौलाला टोपलीत बसवून खिडकीतून, गावकुसावरून खाली सोडले आणि तो निसटला.

रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या वीराला तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट देत असत. करिंथसारख्या रोमन वसाहतीत हा मान कोणाला ठाऊक नसेल? पौलाने हे मनात धरून लिहिले असे काही अभ्यासक सुचवतात, आणि मला ते पटते. तटावर पहिला चढलेला नव्हे, तटावरून टोपलीतून उतरवलेला माणूस आपली ओळख करून देतो आहे. आपल्याकडे पाहुण्या वक्त्याची ओळख करून देताना त्याच्या पदव्या, दौरे आणि पुस्तके वाचून दाखवायला जो वेळ जातो, त्या वेळात मला हा उतारा नेहमी आठवतो.

लगेच पुढच्या अध्यायात पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेलेल्या एका माणसाबद्दल लिहितो. तो माणूस तो स्वतःच, हे वाचणाऱ्याला कळते. हा अनुभव 14 वर्षांपूर्वीचा आहे. एवढा मोठा अनुभव त्याने इतकी वर्षे मिरवला नाही, आणि आता सांगतानाही तिथे काय ऐकले ते सांगत नाही. मात्र शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासाबद्दल, तो मोकळेपणाने बोलतो. तो काढून टाकावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, आणि काटा गेला नाही, हेही सांगतो. उत्तर मिळाले ते एवढेच, की माझी कृपा तुला पुरे आहे.

आता आपल्या साक्षींकडे पाहू या. एका उपासनेत एक बाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा आजारपणात गेला होता. त्या म्हणाल्या, "मी पुष्कळ प्रार्थना केली, मंडळीनेही केली. तो बरा झाला नाही. मला अजून कारण कळलेले नाही, पण मी प्रभूला सोडलेले नाही." त्या आणखी काही बोलणार होत्या, तेवढ्यात संचालन करणाऱ्या बंधूंनी हळूच ध्वनिक्षेपक घेतला आणि गीत सुरू केले. नंतर कोणीतरी त्यांना समजावले की साक्ष विजयाची असावी, नवीन लोक बसलेले असतात. त्यांनी मान हलवली आणि त्या घरी गेल्या. त्या दिवशीच्या उपासनेत विश्वासाचा अभिमान बाळगावा असे काही झाले असेल, तर ते त्या दोन-तीन वाक्यांत झाले होते. नोकरी लागली, घर झाले, परदेशी जायला मिळाले, यासाठी देवाचे आभार जरूर मानावेत. पण फक्त अशाच साक्षींना जागा मिळू लागली, तर ऐकणाऱ्याला वाटते की ख्रिस्तावर विश्वास ठेवणे म्हणजे वर चढत जाणे. मग ज्याचा काटा निघालेला नाही तो गप्प बसायला शिकतो.

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येतो. "फक्त विश्वासाचा अभिमान" म्हणतानाही आपण घसरतो, कारण त्या विश्वासाचेच पदक करून छातीवर लावतो. माझा विश्वास मोठा, तुझा लहान. आमची शिकवण शुद्ध, त्यांची भेसळीची. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी, प्रार्थनेची सुरुवात कशाने करतो ते पाहा. तो आधी देवाचे आभार मानतो. आपल्या चांगुलपणाचे श्रेय तोंडाने तरी देवालाच देतो. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, यांत खोटे काहीच नाही. बिघाड आहे तो "ह्या जकातदारासारखा मी नाही" या शब्दांत. लोकांनी पापी ठरवलेला जकातदार मात्र दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. त्याच्याजवळ देवापुढे ठेवण्यासारखे काहीच नाही, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो तोच.

रोमकरांस पत्रात पौल हा प्रश्न सरळच विचारतो: मग अभिमानाला जागा कुठे राहिली? राहिलीच नाही, असे त्याचे उत्तर आहे, आणि ती विश्वासाच्या नियमाने उरलेली नाही. विश्वास म्हणजे घेण्यासाठी पुढे केलेला रिकामा हात. हात रिकामा आहे याची शेखी कोण मिरवणार? अभिमान करायचा तो देणाऱ्याचा. म्हणून गलतीकरांना पौल लिहितो की प्रभू येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभाखेरीज कशाचाही अभिमान बाळगणे माझ्यापासून दूर असो. आणि त्याच रोमकरांस पत्रात, अकराव्या अध्यायात, कलम केलेल्या रानटी जैतुनाच्या फांदीला तो बजावतो की इतर फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस. तू मुळाला उचलून धरलेले नाहीस, मुळाने तुला धरले आहे. दुसऱ्या पंथाच्या मंडळीबद्दल किंवा वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याबद्दल व्यासपीठावरून हलके शब्द निघतात तेव्हा तेव्हा हा अध्याय उघडायला हवा. संत ऑगस्टिनने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात म्हटले आहे की इतर पापे वाईट कामांतून प्रकट होतात, गर्व मात्र चांगल्या कामांतही दबा धरून बसतो आणि त्यांचाच नाश करतो. आपण चांगली कामे करणारे लोक आहोत, म्हणून आपल्याला हा धोका जास्त.

वडीलजनहो, पुढचे वाक्य खास तुमच्यासाठी आहे. मंडळीत "नम्र राहा" हे बहुतेक वेळा वरून खाली सांगितले जाते. हिशेब विचारणाऱ्या तरुणाला सांगितले जाते. आपल्याला का वगळले असे विचारणाऱ्या बहिणीला सांगितले जाते. पाळकाच्या निर्णयावर शंका घेणाऱ्याला तर हमखास. नवा करार पाहा, तिथे क्रम वेगळा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आधी वडिलांना सांगितले आहे की तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण करू नका, कळपाला कित्ता व्हा. मग तरुणांना अधीनतेबद्दल सांगितले आहे. आणि शेवटी सर्वांनीच नम्रतारूपी कमरबंद बांधावा असे आहे. हे लिहिणाऱ्या पेत्राने एका रात्री येशूला कमरेला रुमाल बांधून गंगाळात पाणी ओतताना पाहिले होते. "माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत" म्हणून तो अडूनही बसला होता. त्या रात्री येशूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले गेले. गुरू खाली वाकला आणि शिष्य बसून राहिले. खालच्याला आणखी खाली वाकायला लावणे योहानाच्या तेराव्या अध्यायात कुठेच नाही.

नम्रता म्हणजे अन्यायापुढे मुकाट बसणे, असेही शास्त्र सांगत नाही. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय सर्वांसमोर फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा निरोप पाठवला. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. आणि ते आले. पुढे याच फिलिप्पैतल्या मंडळीला त्याने लिहिले की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही दासाचे रूप घेऊन वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञापालक झाला, आणि माझे कूळ, माझे शिक्षण, माझी धर्मनिष्ठा हे सगळे ख्रिस्तापुढे मी केरकचरा समजतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. स्वतःच्या मोठेपणासाठी तो हटून बसला नव्हता. त्या शहरात मागे राहणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्यांना उद्या कोणी असेच बडवू नये, हे त्याच्या मनात असावे, असे मला वाटते. म्हणून हिशेब विचारणाऱ्याला गर्विष्ठ ठरवण्याआधी थांबा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक मंडळीतला पुढारी आहे. त्याला अग्रगण्य व्हायची हौस होती, आणि येणाऱ्या बंधूंना स्वीकारू पाहणाऱ्यांना तो मंडळीबाहेर घालवत असे. त्याच्याबद्दल शास्त्रात एवढेच उरले आहे.

मंडळीच्या इतिहासात हे ओळखणारे नेते झाले. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षांनी सर्व जगाचे धर्मपिता अशा अर्थाची पदवी लावली, तेव्हा रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी तिला कडाडून विरोध केला. ते स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत. पुढे तीच ओळ पोपांच्या अधिकृत पदव्यांत जाऊन बसली. नम्रतेचे शब्दसुद्धा मानाचे बिरुद होऊ शकतात, आणि आपल्या पत्रांखालचे "आपला नम्र सेवक" त्यातून सुटलेले नाही. त्याच शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिला. त्याच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत, त्या प्रसिद्ध आहेत. मला मात्र तिसरा अध्याय जास्त कामाचा वाटतो. महत्त्वाचे काम असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, असे तिथे म्हटले आहे, आणि कारण दिले आहे की जे अधिक चांगले ते प्रभू पुष्कळदा लहानाला प्रकट करतो. अंतिम निर्णय मठाधिपतीचाच, पण ऐकल्यानंतरचा. एवढे जरी कार्यकारिणीच्या बैठकीत आले तरी पुष्कळ फरक पडेल.

विश्वासाचा खरा अभिमान कसा दिसतो, याचे मला माहीत असलेले एक फार जुने उदाहरण रोममध्ये आहे. पॅलेटाइन टेकडीवरच्या एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर 1857 मध्ये ओरखडलेले चित्र सापडले. वधस्तंभावर गाढवाचे डोके असलेला माणूस, त्याच्याकडे तोंड करून हात वर केलेला दुसरा, आणि खाली वेडीवाकडी ग्रीक अक्षरे: अलेक्सामेनोस देवाची उपासना करतो. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. तसे मरण आलेल्याला देव मानणारा हा सोबती त्या टवाळखोराला हास्यास्पद वाटला असणार. शेजारच्या खोलीत वेगळ्या हस्ताक्षरात लॅटिनमध्ये दोनच शब्द लिहिलेले मिळाले: अलेक्सामेनोस विश्वासू. ते कोणी लिहिले असतील ते असोत. त्या उत्तरात वर्षे, संख्या, इमारत, पदवी यांतले काहीही नाही, आणि टिंगल करणाऱ्याला उलटी शिवीही नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या साध्या आहेत. पुढची वर्धापनदिनाची पत्रिका छापाल तेव्हा मान्यवरांची यादी गाळून पाहा. नव्या इमारतीच्या पाटीवर वचन राहू द्या, नावे वहीत लिहून ठेवा. हिशेबासाठी ती लागतातच. ती वही कोणीही मागितली तर हसतमुखाने दाखवा. वक्त्याची ओळख एका वाक्यात करा. ज्याची प्रार्थना ऐकली गेली असे दिसत नाही, त्यालाही साक्षीला उभे करा आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. आणि येत्या वार्षिक सभेत अहवाल वाचण्याआधी मंडळीतल्या सर्वांत नव्या सभासदाला विचारा की इथे आल्यावर तुला ख्रिस्त दिसला का. त्याचे उत्तर कार्यवृत्तात जसेच्या तसे नोंदवा.

ख्रिस्तात आपला,
मंडळीतला एक सभासद